कडू पानांची तिपानी

मी एक तिपानी बोलतेय. एका देठावर तीन पानं, म्हणून तिपानी. जमिनीला बिलगून सरपटणारी, सगळ्यांच्या पायाखाली येणारी साधी वेल. पण माझी भावकी केवढी! समुद्रकाठी आम्हीच, मैदानात आम्हीच, डोंगरमाथ्यावरही आम्हीच. जात एक, पण हवेनं प्रत्येकीला वेगळं घडवलं. हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यापासून जिवाला घोर लागलाय.

माझा जन्म खाली मैदानात, एका बैठ्या घराच्या परसात, गळक्या नळाजवळ. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं अंथरूण ऐसपैस आणि उबदार होतं, मी पसरत गेले. पानं चांगली रुंद झाली. उबेत गोगलगायी बारा महिने फिरतात. आमच्या कुळातल्या गोड पानांच्या वेली त्यांनी कधीच फस्त केल्या, कडू तेवढ्या उरल्या. मी त्या उरलेल्यांची लेक.

त्या घरात एक म्हातारी आई एकटी राहायची. नवरा गेल्यापासून नळावर भांडी घासताना माझ्याशीच बोलायची. तिची मुलगी वर डोंगरात, वनस्पतींच्या संशोधन केंद्रात नोकरीला. एकदा ती सुट्टीत आली, खुरपं घेऊन माझ्यापुढे बसली आणि तिनं माझे सरळ दोन तुकडे केले! अर्धी मी नळाजवळच राहिले, अर्धी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात गेले. आम्हा वेलींचं असंच असतं. तोडलं तरी दोन्हीकडे आम्हीच.

मुलगी परत निघाली, त्या गाडीत माझ्यासोबत आईही होती. “एकटी किती दिवस काढशील? चल माझ्याकडे,” मुलगी म्हणाली होती. आईनं घराला कुलूप लावलं आणि शेजारणीला बजावलं, “नळ दुरुस्त करून घेऊ नका बरं का, वेल सुकेल.”

केंद्राच्या मळ्यात कुठून कुठून आणलेल्या तिपानी वाफ्यांत लावलेल्या होत्या. कुणाची पानं तळहाताएवढी, कुणाची नखाएवढी. माझ्या शेजारी डोंगरातलीच एक बहीण होती. इवलीशी पानं, चव गोड, अंग चोरून बसलेली. उन्हाळ्यात गोगलगायी आल्या. गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात ते उगीच नाही. कधी आल्या कळलंच नाही. बहिणीच्या पानांची चाळण झाली. माझं पान मात्र एका चाव्यातच सोडून त्या मागे फिरल्या. मी मनातल्या मनात हसले. फार दिवस नाही हसले.

हिवाळा जवळ आला तशी हवा बोचरी झाली. आई रोज दुपारी माझ्यापाशी येऊन बसायची. “तू आपल्याकडची ना गं,” म्हणायची. अंगात दोन स्वेटर, वर शाल, तरी बोटं निळसर. मुलीनं विचारलं, “थंडी वाजते का?” की उत्तर ठरलेलं, “छे, कुठे!” मुलीची पाठ वळली की खोकला सुरू. तो ऐकला की माझ्या मनात पाल चुकचुकायची.

एका दुपारी वारा एकदम पडला, आकाश लख्ख झालं. मुलगी वर बघत म्हणाली, “आज दव गोठणार.”

“मग हिचं काय?” आईनं विचारलं.

“बघायचं. हिच्या पानांत विषाचे दोन भाग वेगवेगळे साठवलेले असतात. गोगलगाय चावली की ते एकत्र येतात, तेव्हा विष तयार होतं. पण गारठ्यानं पान आतून फाटलं, तरी ते एकत्र येणारच.”

“म्हणजे स्वतःचंच विष स्वतःला?”

“तसा अंदाज आहे. तेच तर तपासायचंय.”

माझं धाबं दणाणलं. ज्या कडूपणाचा मी तोरा मिरवला, तोच मुळावर येणार होता. पळून जायला मला पाय कुठे होते!

आईनं अंगावरची शाल काढली आणि माझ्याकडे वाकली.

“आई, नको. झाकलंस तर कळणार कसं?”

“कळायला कुणीतरी मेलंच पाहिजे का?”

“अगं, वेल आहे ती!”

आईनं शाल हातात गोळा केली. मग हळूच म्हणाली, “वेलीचं राहू दे. माझं सांगते. मला इथलं सोसत नाही. पांघरुणात पाय घेतले तरी ऊब येत नाही गं. मला घरी जायचंय.”

मुलगी खाली बसली. “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू एवढ्या हौसेनं आणलंस. कसं बोलणार?”

मुलीनं तिच्या हातातली शाल घेतली. आता ती माझ्यावर पडणार, म्हणून मी आशेनं वाट पाहिली. पण तिनं ती आईच्या खांद्यांवर घातली आणि दोन्ही टोकं घट्ट धरून कितीतरी वेळ बसून राहिली.

सकाळी माझी पानं काळी पडून लोळत होती. बहीण मात्र ऊन पडताच दव झटकून ताठ झाली. तेव्हा मला उमगलं. तिच्या कुळातल्या कडू वेली थंडीनं नेल्या, म्हणून ती गोड. त्याच आठवड्यात मुलगी आईला खाली सोडून आली.

मी मेले नाही. मातीलगतच्या एका पेरातून पान फुटलं, बहिणीच्या पानाएवढंच. अंग चोरायला मीही शिकले, पण कडूपणा रक्तातला. तो एका हिवाळ्यात जात नाही. आता दुसरा हिवाळा तोंडावर आलाय. मुलगी सोबतच्यांना सांगते, हल्ली डोंगरही तापू लागलाय, गोगलगायी लवकर येतात आणि उशिरा जातात. म्हणजे थंडी कडक पडली तर मी जाणार, आणि नाही पडली तर बहीण. मी मागू तरी काय?

मुलगी माझ्यापाशी उभी राहून आईला फोन करते. पलीकडून आईचा खणखणीत आवाज येतो, “इथली परसभर झालीय! तुझ्याकडची?”

“आहे.”

“आणि तू गं?”

“मी? मजेत,” असं म्हणून ती कॉलर वर ओढते.

मला काही ते पटत नाही. तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात, तर तिची विचारपूस करा. आणि पहिल्या उत्तरावर उठून जाऊ नका, जरा बसा. मला विचाराल, तर आज आहे. उद्याचं आकाशाला विचारा.