कड्याखालचा जोड

संग्रहालयातल्या बाई शिंग घेऊन आल्या तेव्हा मी नुसता बसून होतो. हल्ली तेच करतो. शंभर वर्षांचं पितळी शिंग, आणि कारागिराची खूण कुठेच नाही.

"पाटीवर थोरल्या भावाचं नाव घालतोय," त्या म्हणाल्या. "तुमचं जुनं मत आमच्याकडे आहेच. फक्त सही हवी."

शिंगं घडवणारे ते दोघे भाऊ एकाच भट्टीवर काम करायचे, आणि कामावर नाव कुणीच घालत नसे. हे शिंग कुणाचं, यावरून मी आणि माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, वीस वर्षं भांडलो. मी म्हणायचो थोरल्याचं, तो म्हणायचा धाकट्याचं. तो बँडमध्ये हेच शिंग वाजवायचा, मी वाद्यं दुरुस्त करायचो. त्यामुळे सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आलीय, असं दोघांनाही वाटायचं. मी त्याला भोंगा म्हणायचो. दर रविवारी यायचा, दोन कप चहा ढोसायचा आणि "शहाण्या, कान कशाला दिलेत तुला?" इथून सुरुवात करायचा. बायको गेल्यावर माझ्या घरात आवाज असा तेवढाच उरला होता.

भोंगा मागच्या वर्षी गेला.

"करता ना सही?" बाईंनी पेन पुढे केलं.

केली असती तर कुणाला काय कळणार होतं? तरी मी बर्नर पेटवला, शिंगाच्या तोंडाजवळचं कडं तापवलं आणि ते चिकटवणारा डाख वितळल्यावर चिमट्याने सरकवलं. खाली पत्र्याचा जोड होता. दाते एकमेकांत बसवून ठोकलेले, आणि हातोडीचे सगळे घाव डावीकडे कललेले.

"धाकटा डावखुरा होता," मी म्हणालो. "हे त्याचं काम. थोरल्याचं नाव खोडा."

"अरे वा! आज उलगडा झाला म्हणायचा!"

"आज नाही. तीन वर्षांपूर्वी पोचा काढायला हे माझ्याकडे आलं होतं. तेव्हाच कडं सुटलं, जोड दिसला. मी गुपचूप परत डाख देऊन बसवून टाकलं."

नाव बदलून, माझी सही घेऊन त्या गेल्या.

मग मी धाकट्या बहिणीला फोन लावला. "ते शिंग धाकट्याचंच. तुझा नवरा बरोबर होता. मला ठाऊक होतं, त्याला सांगितलं नाही."



"त्यालाही ठाऊक होतं, दादा. दुरुस्तीहून आलं त्याच दिवशी कड्याचा नवा डाख दिसला त्याला. खूप हसला."

"मग बोलला का नाही मेला?"

"म्हणाला, हा कबूल झाला तर रविवारी मी जाऊ कुठल्या निमित्ताने? एकटा बसेल तिथे."

फोन ठेवल्यावर मी भोंग्याला मोठ्याने एक सणसणीत शिवी हासडली. उलटून कुणीच बोललं नाही.