तानाबाईंचं मनगट

रोहण्याला जयंतीच्या कार्यक्रमात बायकांची संगीत खुर्ची होती. शेवटी एकच खुर्ची उरली आणि भोवती दोघी: साठीच्या तानाबाई आणि त्यांची धाकटी भावजय पंचफुला. गाणं थांबलं. पंचफुला टेकली. तानाबाई घसरल्या आणि टेकवलेल्या उजव्या हातावर पडल्या.

"काई नाई झालं, लचकला," त्या म्हणाल्या. "पंचफुलानं ढकललं मले."

बचत गटात प्रथमोपचार शिकल्यापासून पंचफुला कोणाला शिंक आली तरी पट्टी घेऊन धावते, असं म्हणून घरचे हसत. तिनं तानाबाईंना त्याच खुर्चीत बसवलं आणि मनगट पाहिलं. ते मधेच वर उचलल्यासारखं वाकडं झालं होतं, सूजही चढत होती.

"हे लचकणं नाई, बाई. हाड मोडलं."

माईकवरचे बंडूजी धावत आले. "तेल लावून एक झटका देऊ काय?"

"झटका तुमच्या माईकले द्या. हे सरळ कराचं काम डॉक्टरचं."

सूज वाढायच्या आत तिनं अलगद बांगड्या काढल्या, मग बोटांना कळतं का ते पाहायला एक बोट दाबलं. "कोणतं?"

"करंगळी. डोकं नाई मोडलं माहं."

मनगट होतं तसंच ठेवून तिनं खाली घडीचं कापड आणि जाड पुठ्ठा धरला, वर-खाली ओढणीनं बांधला. दुसऱ्या ओढणीची झोळी गळ्यात अडकवली. सरबतवाल्याचा बर्फ रुमालात गुंडाळून सुजेवर ठेवला.

"बर्फ हाताले, अन् सरबत मले," तानाबाई म्हणाल्या.

"सरबत नाई. डॉक्टरनं भूल द्याची म्हटली तर पोट रिकामं पाह्यजे."

"हरली म्हणून उपाशी मारून राह्यली."

"हरली कोण? मी बसलती."

"अन् आता कोण बसलं आहे?"

बंडूजींनी माईक उचलला आणि तानाबाई जिंकल्याचं जाहीर करून टाकलं.

आर्वीच्या दवाखान्यात जाताना ऑटोच्या प्रत्येक धक्क्याला पंचफुलाचा हात झोळीखाली असे. अर्ध्या वाटेत तानाबाई हळूच म्हणाल्या, "पाय माहाच घसरला."

"माहीत आहे."

"लोकायले नको सांगू."

हाड मोडलेलंच निघालं. प्लास्टर चढलं आणि दुसऱ्या दिवसापासून पंचफुला त्यांची वेणी घालायला येऊ लागली.

"भांग वाकडा काढला तू," तानाबाई आरसा पाहून म्हणाल्या.

"हात बरा झाला का सरळ काढजा."

त्या पुटपुटल्या खऱ्या. पण पुढच्या सकाळी, पंचफुला यायच्या आधीच, डाव्या हातात फणी धरून उंबऱ्यावर बसून होत्या.