गडद निळा मासा

कुणाला सांगून पटणार नाही, पण ज्या माशापायी सुनेने दोन महिने डोकं फोडून घेतलं, तो टेलर मास्तरांनी कपातला चहा निवायच्या आत पैदा केला. निदान सकाळपासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते असंच सांगत होते.

मासा मोबाइलमधला. काज-बटणांतून हात मोकळा झाला की सून तो खेळ खेळायची. दोन वाढलेले मासे जोडीला लावायचे आणि पिल्लू कसं निघतं ते पाहायचं. तिच्या संग्रहात एकच जागा रिकामी होती, पंख्यासारख्या शेपटीच्या गडद निळ्या माशाची. पिल्लं मात्र भलतीच निघत.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, आधी ठेवतेस तो बेत, मागून ठेवतेस ते कापड. घाट पहिल्याचा, रंग दुसऱ्याचा. तू उलटं लावतेस."

नियम खरोखर तोच निघाला. मग मास्तरांना चेव चढला. त्यांनी मासे स्वतः निवडून लावले आणि अंड्यातून पिल्लू बाहेर यायच्या आतच गोष्ट वाढवली. बँडवाल्यांचे सतरा कोट, दिवे गेलेले, तरी आपण नुसत्या नजरेने काळे आणि निळे वेगळे केले होते म्हणे. अंधारात नजर कशी चालली, हे कुणी विचारलं नाही.

पलीकडे कापड बेतणारा मास्तरांचा मुलगा हसला नाही. पंधरा दिवसांत दोन निळ्या पँटी काळा दोरा लागल्यामुळे परत आल्या होत्या, शिवणी उसवाव्या लागल्या होत्या. मास्तरांनी खापर दुकानातल्या बल्बवर फोडलं होतं. तिसरी पँट परत आली तर मशीनवर मी बसेन, तुम्ही इस्त्री सांभाळा, असं मुलाने बजावलं होतं. त्या मशीनवर मास्तरांची चाळीस वर्षं गेली होती. म्हणून तर आज मासा एवढ्या मोठ्याने पोहत होता.

अंडं फुटलं तसा सुनेने मोबाइल उचलून पाहिला.

"बाबा, शेपटी झकास आलीय," ती म्हणाली. "पण हा काळा आहे. तुम्ही काळाच लावलात की जोडीला."

मुलाची कात्री थांबली.

मास्तरांनी मोबाइल मागितला नाही. मशीनवर निळी पँट अर्धी शिवून पडली होती. तिच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला, दोरा तोडला आणि पँट मुलापुढे ठेवली.

"बघ रे," ते म्हणाले, "दोरा कुठला लागलाय?"