करंगळीखालच्या तीन कळा

तिने कळफलकाच्या मांडणीची फाइल लॅपटॉपवर चढवली, तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि पडदा ताईंच्या दिशेने वळवला.

"झालं. उजव्या अंगठ्याने ही कळ दाबून धरायची, मग बाकीच्या. थांबा, तक्ता छापून देते."

"तक्ता राहू दे," ताई म्हणाल्या. "आधी हात लावून बघते."

त्या खुर्चीत जरा पुढे सरकून बसल्या. लॅपटॉप भाचीचा जुना होता. झाकणावर चिकटवलेलं मांजर अर्धं सोललं गेलं होतं. या प्रकाशन विभागात ताईंनी चौतीस वर्षं विज्ञानकोशांची पानं टाइप केली होती. एकेका पानावर तीन तीन लिप्या, वर ग्रीक अक्षरं, उच्चारखुणा, बाण, अंशाची चिन्हं. सगळे त्यांना खटखटताई म्हणत. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. ती स्वतः कामाला लागली तेव्हा ताईंचे शेवटचे तीन महिने उरले होते आणि दोघींच्या टेबलांमध्ये फायलींचं कपाट होतं. कपाटापलीकडून फक्त आवाज यायचा.

"केस पिकले गं तुझे," ताई तिच्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "मी गेले तेव्हा काळेभोर होते. या खोलीचाच गुण आहे. माझेही इथेच पिकले."

ती हसली, आणि हसताना तिची नजर ताईंच्या डोक्यावरून भिंतीकडे गेली. तिथे कळफलकाचं मोठं चित्र लावलेलं होतं. कळांवर चार रंगांत अक्षरं आणि चिन्हं, खाली उजव्या कोपऱ्यात 'निर्मिती' हा शब्द आणि त्यापुढे तिचं एकटीचं नाव. ताई आल्या आहेत असा दारावरून फोन आला तेव्हा तिने सर्वांत आधी पाहुण्यांची खुर्ची उचलून भिंतीकडे पाठ होईल अशी ठेवली होती.

चार वाजता खालच्या सभागृहात तो कळफलक सर्वांसाठी खुला होणार होता. चाळीस संस्था तो वापरायला घेणार होत्या. आता तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मला आपलं शेजारणीकडून कळलं," ताई म्हणाल्या. "तिचा जावई तुमच्याकडे कागद पुरवतो. म्हणाली, तुमच्या ऑफिसात नवीन काहीतरी निघालंय, सगळ्या लिप्या एका दमात. म्हटलं, हात रिकामेच आहेत, मागून घ्यावं."

"बरं केलंत," ती म्हणाली.

ताईंनी टाइप करायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी सावकाश झाल्या. मग खटखट वाढली. एक शब्द एका लिपीत, पुढचा दुसऱ्या, मध्येच एक ग्रीक अक्षर, त्यावर उच्चाराची आडवी खूण. नवीन मांडणी हाताळणारा माणूस कळेवर बोट नेण्याआधी थोडा घुटमळतो, हे तिने कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं होतं. ताई घुटमळत नव्हत्या. त्या पडद्याकडेही बघत नव्हत्या. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, तिकडे बघत होत्या.

मग तिला ताईंची डावी करंगळी दिसली. बाकीची बोटं कळांवर वाकून धावत होती आणि ती एकटीच ताठ, बाजूला उभी होती. अंशाचं चिन्ह आलं, बाण आला, बेरजेचं चिन्ह आलं. करंगळी हलली नाही.

तिने टेबलाची कड धरली.

ताई निवृत्त झाल्यावर त्यांचं यंत्र भंगारात निघालं आणि त्यात त्यांनी बसवलेली कळांची मांडणी त्याच्याबरोबर गेली. त्यांच्या टेबलाच्या खणात तळाशी एक पुठ्ठा मात्र राहिला होता. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर पट्टीने आखलेल्या कळा, लाल आणि निळ्या शाईत भरलेल्या. तिने तो घरी नेला आणि दोन रात्रींत संगणकावर उतरवला. संचालकांनी पाहिलं आणि विचारलं, तुम्ही केलंत हे? ती हो म्हणाली. उतरवण्याचं काम तिनेच केलं होतं, त्यामुळे तेव्हा ते उत्तर तिला खोटं वाटलं नव्हतं. पुठ्ठा अजून तिच्या घरी कपड्यांच्या कपाटात, हिवाळी कपड्यांखाली होता.

त्या पुठ्ठ्यावर डाव्या करंगळीच्या तीन कळा कोऱ्या होत्या. का, हे तिला कळलं नव्हतं. पण एवढ्या विचाराने केलेल्या मांडणीत कारण असणारच, म्हणून तिने त्या तशाच ठेवल्या. पुढे विभागात सगळे ती मांडणी वापरू लागले आणि विचारू लागले, तेव्हा तिने कारण शोधलं. बारा जणांची चाचणी घेतली. तीन कळा मोकळ्या ठेवल्याने चुका कमी झाल्या होत्या, पण इतक्या थोड्या, की दुसऱ्या दिवशी त्याच बारा जणांना बसवलं असतं तर कदाचित वाढल्याही असत्या. तिच्यासारख्या विज्ञानाच्या पदवीधर बाईला हे समजत होतं. अहवालात तिने लिहिलं, 'कल स्पष्ट दिसतो.' सोबत आलेखही जोडला.

खटखट थांबली.

"तुझ्या करंगळीला काय झालंय?" ताईंनी विचारलं.

"माझ्या? काही नाही."

"दाखव बरं."

तिने हात पुढे केला. ताईंनी तिची डावी करंगळी चिमटीत धरली, वाकवली, सोडली.

"चांगली वळतेय की." मग त्यांनी स्वतःची डावी करंगळी तिच्यासमोर धरली. "माझी सहाव्या वर्षी दारात चेंगरली. मोठ्या भावाने धाडकन दार लावलं. तेव्हापासून ही अशी खांबासारखी. शाळेत गुरुजींना वाटायचं, हिला सारखं बाहेर जायचंय. मीही जायचे. फुकटची सुट्टी कोण सोडतं?"

ती हसायचा प्रयत्न करत होती तेवढ्यात दार उघडलं. संचालक आत आले. हातात भाषणाचे कागद, गळ्यात चष्म्याची दोरी.

"मॅडम, ते तीन मोकळ्या कळांचं परत एकदा सांगा. लोक नेमकं तेच विचारतात." मग त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "या कोण?"

"या पूर्वी इथे होत्या," ती म्हणाली. "टायपिंगला."

"अरे वा. मग थांबा तुम्ही कार्यक्रमाला. बघा तुमच्या विभागाने कुठवर मजल मारलीय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हं, सांगा."

खोली फार लहान होती. ताईंचा गुडघा तिच्या टेबलाला टेकलेला होता.

"करंगळी सर्वांत दुबळं बोट," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, अहवालातला. "तिच्यावरचा भार काढला की चुका कमी होतात. म्हणून त्या जागा मोकळ्या."

"साधं आणि शास्त्रीय," संचालक लिहीत म्हणाले. "हो की नाही हो, ताई?"

"अगदी," ताई म्हणाल्या. "करंगळीचं काही खरं नसतं, साहेब."

संचालक खुशीत बाहेर गेले. दार आपोआप, हळूहळू मिटत गेलं. ताईंनी लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली, कापडी पिशवीत आधी वायर आणि मग लॅपटॉप ठेवला. पिशवी घेऊन वळल्या तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. त्या चित्रासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. एका हाताने चष्मा वर-खाली करत सगळ्या ओळी वाचल्या, कोपऱ्यातलीही.

"रंग छान निवडलेस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दोनच शाया होत्या."

तिने पाहुण्यांची खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली.

"एक सांगू? गुणिले आणि भागिले शेजारी शेजारी पडलेत. ती चूक आहे. बोट घसरलं की उत्तरच उलटं. मला बदलायचं होतं, राहूनच गेलं. तू बदलून टाक."

आठ वर्षांत विभागातून ही तक्रार तिच्याकडे कितीदा आली होती. ती सगळ्यांना सांगत असे, सवय होईल.

"ताई," ती म्हणाली, "मी..."

"चल, खाली जाऊ. तुझे साहेब थांबा म्हणालेत, तर थांबते. मला काय, घरी जाऊन नुसतं बसायचंच आहे."

सभागृह भरलं होतं. ताई मागच्या रांगेत दाराजवळ बसल्या, पिशवी मांडीवर. संचालक पंधरा मिनिटं बोलले. मग पडद्यावर ते चित्र आलं, डाव्या बाजूला तीन मोकळ्या कळा.

"यामागचं शास्त्र मॅडमनीच सांगावं," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. ती उठली. माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता. कुणीतरी तो वाकवून दिला.

"डाव्या करंगळीच्या या तीन कळा मोकळ्या आहेत," ती म्हणाली, "कारण..."

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तिने समोर पाहिलं. सगळे पडद्याकडे बघत होते. फक्त मागच्या रांगेत ताई तिच्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांनी डावा हात अलगद पिशवीखाली सरकवला.

ती थांबली. पहिल्या रांगेत संचालकांनी कागदातून डोकं वर काढलं.

"ताई," ती माइकमध्ये म्हणाली, "तो हात जरा बाहेर काढता का?"