अलकनंदाबाईंचं ‘हं’

मी गाठ भाजणारं मशीन बोलतोय. हसू नका, इथले सगळे मला याच नावाने ओळखतात. माझ्या वायरीच्या टोकाला सुई लावतात, ती गळ्यातल्या थायरॉईडच्या गाठीत शिरते आणि गाठ आतल्या आत भाजून निघते. चिरफाड नाही, टाके नाहीत. जन्म परदेशातला, पण सगळा संसार गुडगावच्या एका रुग्णालयात झाला. नऊ वर्षं झाली. पंखा घरघरतो, ट्रॉलीचं एक चाक तिरकं पळतं. खरं सांगू, दमलोय.

गाठ मुगाएवढी असली तरी कॅन्सर म्हटलं की माणसं खचतात. नातेवाईक आत येऊन ‘छोटंसंच तर आहे’ म्हणतात आणि बाहेर जाऊन रडतात. हे ऐकून ऐकून कान किटले होते, तेव्हा अलकनंदाबाई आल्या.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्वतःबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या. यजमान श्यामकांत यांची दृष्टी गेल्यापासून रोज दुपारी त्यांना अख्खा पेपर वाचून दाखवायच्या, निविदांच्या जाहिरातींसकट. आवाजाची नस त्यांच्या गाठीच्या शेजारूनच जात होती. बाईंना कॅन्सरपेक्षा आवाजाची धास्ती जास्त. श्यामकांत हट्टाने टोपी-मास्क घालून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

मान बधिर केली होती, पण बाई जाग्या होत्या. “दर्द हो तो बताइए, और बीच-बीच में बोलते रहिए,” डॉक्टर इंद्रजित म्हणाले. मी तापायला लागलो.

“ठीक हैं ना?”

“हं.”

थोड्या वेळाने पुन्हा, “ठीक?”

“हं.”

डॉक्टरांना तो होकार वाटला. मलाही.

“डॉक्टरसाब, रुकिए!” श्यामकांत ताडकन उठले. “ये उसका हाँ नहीं है. दुखतं तेव्हाच ही असं करते. अलका, बोल ना गं!”

डॉक्टरांनी मला तत्क्षणी थांबवलं. बाईंनी तोंड उघडलं, तर आवाज घोगरा, फाटका. माझ्याच उष्णतेने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बताया क्यों नहीं?”

“आपका काम क्यों रोकूँ, सोचा,” बाई कशाबशा म्हणाल्या.

नसेभोवती गार द्रावण सोडलं आणि सगळे वाट पाहत राहिले. “आजचा पेपर राहिलाय,” श्यामकांत म्हणाले, “सकाळी चाळलेलं आठवेल तेवढं सांग.” बाई सांगत राहिल्या. अर्ध्या तासाने आवाज बराच सुटला. उरलेली गाठ डॉक्टरांनी महिन्याभराने माझ्याकडूनच भाजून घेतली, बाईंना एकसारखं बोलतं ठेवून.

गेल्या आठवड्यात नवं मशीन आलं. मला कॉरिडॉरमध्ये उभं केलंय, अंगावर कागद चिकटवून. काल ती दोघं तपासणीला आली होती. बाई माझ्यापाशी थबकल्या.

“‘कंडम. स्टोर में भेजें.’ असं लिहिलंय हो,” त्यांनी स्वच्छ आवाजात वाचलं.

“कशावर?”

“त्या दिवशीच्या मशीनवर.”

श्यामकांतांनी चाचपत माझ्यावर हात ठेवला. “गार पडलंय बिचारं,” म्हणाले. मग, “पुन्हा एकदा वाच गं.”

बाईंनी पुन्हा वाचलं. माझी एवढी कमाई मला पुरे आहे.

आता स्टोअरमध्ये पडून राहीन. एकच मागणं आहे. माझ्या जागी आलेल्याच्या सुईखाली झोपाल तेव्हा दुखलं तर तोंड उघडून सांगा. आम्हाला ‘हं’ कळत नाही. ते घरातल्या एखाद्यालाच कळतं, आणि त्याला दर वेळी आत घेतात असं नाही.