बोक्याचा अर्धा क्षण

सिम्युलेटरच्या खुर्चीत मास्तर कसेबसे मावले होते. ती बनवणाऱ्याने निवृत्त वैमानिकाच्या पोटाचा विचारच केला नव्हता. मुलीने बोलावलं म्हणून ते आले होते. तिने तयार केलेलं यंत्र पडद्यावरच्या खोट्या आकाशात विमान लढवायचं. कधी वळायचं, कधी गोळ्या झाडायच्या, सगळं आपलं आपणच ठरवायचं. तरुण वैमानिकांना त्याने केव्हाच पाणी पाजलं होतं. आता त्यातली खोट काढायला एखादा मुरलेला म्हातारा हवा होता.

पहिल्या लढतीत मास्तर आपटले. दुसऱ्या लढतीत त्यांना खोट सापडली. वळण्याआधी यंत्र अर्धा क्षण उगाचच सरळ जायचं. तेवढ्यात त्याला टिपणं म्हणजे हातचा मळ होता.

तिसऱ्या लढतीत ते बरोबर समोर आलं. मास्तरांचं बोट बटणावर होतं, आणि एकदम त्यांना आठवलं. असा तर बोका थांबायचा.

बोका म्हणजे त्यांचा जोडीदार. दोघांनी याच इमारतीत वर्षानुवर्षं जोडीने सराव केला. मागून येणाऱ्या मास्तरांना वळायला कायम उशीर व्हायचा, आणि पुढे असलेला बोका काही न बोलता अर्धा क्षण सरळ जात त्यांच्यासाठी थांबायचा. बाहेर आल्यावर मात्र चहा पिता पिता शिव्यांची लाखोली वाहायचा. काय दिवस होते ते! बोक्याला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

बोट हललंच नाही. यंत्राने वळून मास्तरांना पाडलं.

"बाबा, हातातलं सोडलंत?" मुलगी म्हणाली.

"याला कोणाचं बघून शिकवलंस?"

"जुन्या सरावांची रेकॉर्डिंग होती. तुमची आणि बोकाकाकांचीही."

"बोका माझ्यासाठी थांबायचा गं. हे मागे कोणी नसतानाही थांबतंय."

तिने पडद्यावरची लढत थांबवली. "खोट आहे की नाही, ते तुम्हीच सांगायचंय, बाबा. आहे म्हणालात तर मला ती काढावी लागेल."

नाही म्हणून मोकळं व्हावं, असं मास्तरांना फार वाटलं. बोक्याचं एवढंच तर उरलं होतं. पण उद्या कोणीही सोम्यागोम्या येऊन त्याला त्याच अर्ध्या क्षणात पाडेल, हे त्यांना सोसवेना.

"एकटं उडेल तेव्हा काढ," ते म्हणाले. "सोबत कोणी असलं तर राहू दे. मागून उशिरा येणारं कोणीतरी असतंच."