उसात बुडालेला रस्ता

“रस्ता तुम्हीच गिळलाय, साहेब! नुसती खडी न्हाय, डांबर न्हाय. अख्खा रस्ता!”

मांजरी गावचा पोपट तहसील कचेरीत शिरला तोच असा. साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवायचे कष्टही घेतले नाहीत. मोबाइलवरचा नकाशा तेवढा पुढे धरला.

“कुठाय रस्ता? दाखवा. इथे ऊस आहे. रस्ताच नाही, तर बिल्डरची भिंत कशाला अडवायची?”

पोपट भाजीचा टेम्पो चालवायचा. वाटेवर भिंत उभी राहिली की उसापलीकडच्या त्याच्या वस्तीतल्या अकरा घरांची वाट बंद.

“गावचा जुना नकाशा हाय की तुमच्याच कपाटात.”

“तो शोधायला वेळ लागतो. हा नकाशा लोकांनी केलाय, फुकट. आपणही लोकच ना? घाला त्यात.”

झालं! पोपट त्या नकाशाचा सभासद झाला. चार दिवस डोळे फोडून त्यानं बोटानं रस्ता काढला. पाचव्या दिवशी गायब. पुन्हा काढला, पुन्हा गायब. जुन्या नोंदी उघडल्या तेव्हा कळलं, हा खेळ सहा वर्षं चाललाय. ऊस तुटला की कुणी भला माणूस रस्ता घालतो. ऊस वाढून वाटेवर ओणवा झाला की आभाळातून काढलेल्या फोटोत नुसतं हिरवं दिसतं आणि एक शहाणा तो खोडतो. शहाण्याचं नाव वरद. अकरा हजार दुरुस्त्या केलेला, नावापुढे सोनेरी तारा. खाली पत्ताही अभिमानानं लिहिलेला: वाटेच्या तोंडाशीच असलेली सोसायटी, दहावा मजला!

पोपट लिफ्टनं वर गेला. वरदनं पाणी दिलं, बसवलं.

“काका, पर्सनली घेऊ नका. इमेजरीत रोड दिसत नाही. आम्हाला क्वालिटी मेंटेन करावी लागते.”

“पडदा सारा.”

“कशाला?”

पोपटनंच सारला. खाली उसातून वस्तीतल्या द्वारकाबाई डोक्यावर मेथीची पाटी घेऊन बाहेर येत होत्या. मागोमाग दुधाची मोटारसायकल.

“ही बाई काय उसात उगवली?”

वरद खरोखर हळहळला. “दिसतंय हो, काका. पण खिडकी सोर्स म्हणून चालत नाही.”

आभाळातून बघणाऱ्याला बाई दिसत नाही, खिडकीतून बघणाऱ्याला ती चालत नाही आणि पगार घेऊन बघणाऱ्याला खुर्चीतून उठवत नाही. असा हा लोकांचा नकाशा!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा मोबाइल पाहिला. “अजून ऊसच आहे. आमचा नाइलाज आहे. उद्या भिंतीचा पाया खणणार बिल्डर.”

पोपटनं खुर्ची ओढली आणि साहेबांच्या समोर बसला.

“नाइलाज मागनं सांगा. गाडी सरकारी, डिझेल सरकारी, वस्ती तासाभरावर. इतक्या वर्षांत तुमच्यातलं कोण त्या वाटेवर येऊन उभं राहिलं? नाव सांगा. तारीख सांगा. मी बसलोय.”